मेल चोरून वाचणं वेगळं, चोरून चव्हाट्यावर मांडणं वेगळं

परवा कोथरूडला चहा पिताना विषय निघाला, एकजण म्हणाला २०१६ ला रशियाने अमेरिकेचं इलेक्शन हॅक केलं, दुसरा म्हणाला चीनने २००८ लाच केलेलं, तेच ते. पण ते तेच ते नाहीये, आणि आपण दोन्ही एकाच नावाने बोलतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय. (मतदानाची मशीन हा तिसराच विषय, तो यात आणत नाही, इथे बोलतेय ते फक्त प्रचाराच्या मेल-फाइलींबद्दल.)

आधी २००८. अध्यक्षपदाचे दोन मुख्य उमेदवार ओबामा आणि मॅकेन, दोघांच्याही प्रचाराच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी घुसलं होतं. ओबामांनी मे २००९ च्या भाषणात स्वतः सांगितलं की ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हॅकर मेलपर्यंत आणि फाइलींपर्यंत पोचले, धोरणाच्या टिपणांपासून प्रवासाच्या प्लॅनपर्यंत. नंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी बोट चीनकडे दाखवलं. मॅकेन यांनी तैवानच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र तिकडे पोचायच्या आधीच चिनी बाजूकडून नाराजी आली, असं त्यांच्या टीममधल्या माणसाने पुढे सांगितलं. म्हणजे वाड्यात कुणीतरी तुमचं पाकीट वाफेवर उघडून वाचायचं आणि परत डिंक लावून ठेवायचं, तसं. उद्या गादीवर कोण बसेल आणि तो आपल्याबद्दल काय विचार करतो एवढंच त्यांना हवं होतं, म्हणून दोन्ही घरं फोडली आणि गावात गवगवा केला नाही. ही हेरगिरी.

आता २०१६, आणि यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॅशनल कमिटीच्या सिस्टिममध्ये दोन वेगवेगळ्या रशियन टोळ्या होत्या. एक, जिला कोझी बेअर म्हणतात, २०१५ पासून आत बसून गुपचूप वाचत होती. दुसरी, फॅन्सी बेअर, एप्रिल २०१६ मध्ये घुसली, आणि हिने उचललेला माल बाहेर आला. घर एकच, देश एकच, चोऱ्या मात्र दोन जातींच्या! हिलरींच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांचा मेल तर १९ मार्चला आलेल्या एका खोट्या, गूगलच्या नावाने 'पासवर्ड बदला' सांगणाऱ्या मेलमुळे गेला, टीममधल्या आयटीवाल्याने 'मेल खरा आहे' असं उत्तर टाइप केलं (त्याचं म्हणणं, त्याला 'खोटा' लिहायचं होतं), त्याच उत्तरात गूगलची खरी लिंक पण दिली होती, तरी क्लिक झालं ते खोट्या लिंकवर.

मग टायमिंग बघा. २२ जुलैला, पक्षाचं अधिवेशन तीन दिवसांवर असताना, विकीलीक्स या गुप्त कागद उघड करणाऱ्या वेबसाइटवर या कमिटीचे सुमारे २०,००० मेल आले आणि पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. ७ ऑक्टोबरला समोरचे उमेदवार ट्रम्प यांची बायकांबद्दल अश्लील बोलतानाची टेप बाहेर आली आणि तासाभरात पोडेस्टांचे मेल यायला लागले, मग मतदानापर्यंत जवळजवळ रोज थोडे थोडे. चोराला स्वतःला वाचायचं असतं तर असं हप्त्याहप्त्याने मंडईत उभं राहून मोठ्याने कशाला वाचलं असतं? पुढे जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

अजून एक फरक, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. हेराला खरी माहितीच हवी असते, खोटा कागद मिसळून त्याचा काय फायदा? पण चव्हाट्यावर मांडणाऱ्याला मिसळता येतं. ५ मे २०१७ च्या रात्री, फ्रान्सचं मतदान दोन दिवसांवर असताना, तिथले अध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्रों यांच्या प्रचाराचा सुमारे ९ जीबी डेटा नेटवर टाकला गेला आणि त्यांच्या टीमने लगेच सांगितलं की खऱ्या कागदांत खोटे घुसवलेत. त्याच मध्यरात्रीपासून तिथे प्रचारबंदी होती, त्यामुळे चर्चेला वेळच उरला नाही. २०२४ ला तर इराणी हॅकर्सनी ट्रम्प यांच्या प्रचाराचे कागद पत्रकारांना मेल केले, मोठ्या पेपरांनी हॅकची बातमी केली पण कागद छापले नाहीत. हेर पकडायला सिस्टिम तपासतात, इथे मात्र समोर आलेलं पुढे ढकलायचं की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात असतं.

पण घुसल्या दिवशी हे दोन ओळखता येत नाहीत हो, दार तेच, खोटा मेल तोच, पासवर्ड तोच. मध्यंतरी एका उमेदवाराच्या इथल्या ऑफिसात गेले होते, सहा पोरं एकच जीमेल वापरत होती आणि पासवर्ड व्हाइटबोर्डवर. म्हटलं अरे हे काय, तर म्हणे ताई आमचे मेल कोण वाचणार. मी तिथेच खुर्ची ओढली, बोर्ड पुसायला लावला, पासवर्ड बदलला, प्रत्येकाला वेगळं अकाउंट काढून दिलं आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करेपर्यंत उठले नाही.