पार्श्वभूमी: घरच्या ताटातला 'टर्फ'

ठाण्यात 'टर्फ' म्हटलं की रात्री दहाचा बॉक्स क्रिकेटचा स्लॉट आठवतो आणि 'सर्फ' म्हटलं की धुण्याची पावडर. त्यामुळे 'सर्फ अँड टर्फ' हे नाव मेनूकार्डावर वाचून आधी हसूच येतं. यातला 'सर्फ' म्हणजे समुद्राची लाट आणि 'टर्फ' म्हणजे हिरवळ. हा प्रकार अमेरिकेतला. 1960 च्या दशकात तिथल्या रेस्टॉरंटांनी तो रूढ केला: एकाच ताटात बीफ स्टेक आणि लॉबस्टर, म्हणजे आपली शेवंड. बाहेर जेवायला गेल्यावर ऐट मिरवायची ती डिश.

घरी बेताच्या पैशात करायची म्हटलं की शेवंड पहिल्या फटक्यात बाद होते आणि तिच्या जागी कोळंबी येते. त्यावर वाद नाही. घोळ आहे तो 'टर्फ'चा.

राज्याच्या 1976 च्या कायद्याने गाय आणि वासरं वाचली. बैल-वळू मात्र शेतीच्या कामाचे उरले नाहीत असा दाखला मिळाला तर कापता येत. ही वाटही बंद करणारं दुरुस्ती विधेयक 1995 मध्ये मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीच्या वाटेवर तब्बल वीस वर्षं पडून राहिलं. या वीस वर्षांत वाशी, नेरूळ, घोडबंदर रोड कुठल्या कुठे गेले आणि स्टेक मागवणारं गिऱ्हाईक तयार झालं. मार्च 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि नुसतं मांस जवळ बाळगणंही गुन्हा. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचं मांस बाळगण्यावरचं कलम रद्द केलं. कुणाच्या घरच्या पातेल्यात काय शिजतंय यात सरकारने डोकावावं का, हा त्यातला खरा प्रश्न होता, आणि माझ्या मते त्याचं उत्तर बरोबर मिळालं.

म्हैस आणि रेडा या पूर्ण बंदीत नाहीत. त्यांना दाखल्याची अट आहे. पण 'बीफ' हा एकच शब्द दोन्ही मांसांना चालत आलेला. त्यामुळे 2015 नंतर कुणी 'बीफ' म्हटलं की समोरचा दचकतो, मग भले ते रेड्याचं असो. हॉटेलांनी यावर साधी युक्ती काढली: मेनूवर फक्त 'टेंडरलॉइन' लिहायचं. खाटकाकडे त्याच तुकड्याला 'अंडरकट' म्हणतात. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी अंडरकटच मागावा. पण सोसायटीत, सासुरवाडीत, भाड्याच्या घरात हा विषय नकोच असतो, म्हणून बहुतेक घरांत टर्फ म्हणजे मटणाचे चाप, नाहीतर कोंबडी. (शब्दाला चिकटून बसायचं तर दोन्ही बाद. शेळीला गवतापेक्षा झुडपाचा पाला प्रिय आणि ब्रॉयलरने हिरवळ पाहिलेलीच नसते.)

समुद्राच्या बाजूची कथा थोडक्यात. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, चेंदणी या कोळीवाड्यांना खाडी पोसत होती: बोईट, निवट्या, चिंबोऱ्या, कालवं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, भराव आणि नाल्यांनी ती आटवली. आता बाजारात अर्धा किलो मागितली की बहुधा शेततळ्यातली व्हेनामी कोळंबी मिळते. हा परदेशी वाण देशात 2009 पासून आला आणि बेताच्या पैशातला 'सर्फ' त्यानेच शक्य केला. चव खाडीच्या कोळंबीची नाही, हे खरं. डोकं-साल काढल्यावर अर्ध्या किलोची तीनशे ग्रॅमसुद्धा जेमतेम उरते. ती डोकी फेकू नयेत. तेलात लसणीबरोबर परतून, पाणी घालून उकळली की भाताला तेच पाणी पुरतं. चाप कच्च्या पपईत तासभर ठेवून बिडाच्या तव्यावर उतरवायचे आणि त्याच चरबीत कोळंबी टाकायची, प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं. वाकडी झाली की बस, गोल वेटोळं झालं म्हणजे चिवट.

तसं पाहिलं तर आगरी-कोळी घरांत एकाच पंगतीला मटण आणि मासळी नवी नाही. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या आसपास दोन्ही चुलीवर असतात. अडचण कॅलेंडरची: यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद, आणि गटारी अनेकदा त्यातच येते. अशा वर्षी त्या दिवशी समुद्राची बाजू सुकट, सुके बोंबील किंवा तळ्यातली कोळंबी सांभाळते. पुढे होड्या पाण्यात उतरतात तोवर मग श्रावण लागलेला असतो आणि निम्मं गिऱ्हाईक घरी बसतं. श्रावण न पाळणाऱ्याने मासळी बाजारात जायचं ते तेव्हा, घासाघीस करायला कोळीणही जरा मोकळी असते.