कारच्या एसीचा कंप्रेसर बदलणे
कारच्या एसीचा कंप्रेसर जाम झाला किंवा त्याचं प्रेशर बनेनासं झालं की तो काढून दुसरा बसवतात. पण आधी खात्री करावी, कारण फ्यूज, रिले, प्रेशर स्विच नाहीतर मॅग्नेट क्लचची (कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या भागाची) कॉइल गेली तरी कंप्रेसर चालू होत नाही आणि चांगला कंप्रेसर उगाच बदलला जातो.

कंप्रेसरचं ऑईल गॅसबरोबरच सगळ्या पाईपांतून फिरतं, त्यामुळे लीकेज न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत राहिलं तर ऑईल कमी कमी होत जातं आणि एक दिवस कंप्रेसर कोरडा चालून बसतो.

जुना गॅस मशीनने ओढून घ्यायचा, हवेत अजिबात सोडायचा नाही, कारण आर-134ए हा एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, शिवाय तो उणे 26 अंशालाच उकळतो त्यामुळे बोटावर आला तर कातडी गोठते. पाईप सोडले की पांढरं फडकं आत फिरवून बघायचं. नुसतं ऑईल लागलं तर ठीक, पण धातूचा चंदेरी-काळा चुरा निघाला तर लायनी फ्लश करून (आतून धुऊन) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसचं प्रेशर एकदम उतरवणारा व्हॉल्व्ह, नवा टाकायचा, आणि हल्लीच्या कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशने साफ होत नाहीत म्हणून तोही बदलायचा. खर्च वाढतो हे खरंय, पण इथे हात आखडला की तोच चुरा नव्या कंप्रेसरमध्ये जातो.

जुन्यातलं ऑईल मापात ओतून मोजतात आणि नव्यात तेवढंच ठेवतात. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत कंपनीने सांगितलेलंच ऑईल हवं, बहुतेक करून पीओई (करंट न जाऊ देणारं सिंथेटिक ऑईल), कारण तिथे मोटर कंप्रेसरच्या आतच असते आणि भलतं ऑईल पडलं तर करंट लीक होतो. पाईपांच्या जोडांतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या घालायच्या.

मग पंपाने निदान अर्धा तास व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे, नाहीतर कुठेतरी लीकेज आहे. कोकणात पावसाळ्यात तर जास्तच वेळ द्यावा, आत राहिलेली ओल ऑईल खराब करते. गॅस वजनानेच भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो.

ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा डबा, दरवेळी नवाच घ्यायचा आणि त्याचं बिल जपून ठेवायचं, बऱ्याच कंपन्या त्याशिवाय नव्या कंप्रेसरची वॉरंटी मानत नाहीत.