'फंगस क्लीन्ड' म्हणजे नेमकं काय?

जुन्या लेन्सच्या जाहिरातीत 'फंगस क्लीन्ड' असं लिहिलेलं असलं की विकणारा एक सांगतो आणि घेणारा भलतंच ऐकतो. हा घोळ समजायला आधी कोटिंग, म्हणजे काचेवरचा प्रकाश परत फिरू न देणारा पातळ थर, बघावं लागतं.

डागाळलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश सोडते, हे १८९०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका लेन्सकाराच्या लक्षात आलं. असा थर मुद्दाम चढवायच्या पद्धतीचं पेटंट जर्मनीत १९३५ साली निघालं. थर नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आठ पृष्ठभाग असले की पाव भागाहून जास्त वाया. पण सुरुवातीची कोटिंग्ज, खास करून आतल्या काचांवरची, इतकी नाजूक की नुसत्या पुसण्यानं ओरखडे यायचे. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या दमट हवेत दुर्बिणींना बुरशी धरली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पुसण्यावर भर न देता पाऱ्याचं बुरशीनाशक उपकरणाच्या आतच ठेवलं. कोकणात एक पावसाळा काढलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

आपल्याकडे 'फंगस' या एका शब्दात तीन दुखणी कोंबली जातात. लेन्समध्ये टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती खरी बुरशी. सगळीकडे सारखी दुधी झाक असेल तर तो बहुतेकदा हेझ: फोकस रिंगच्या ग्रीसमधलं तेल उडून डायफ्रॅमजवळच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांजवळच्या) काचांवर बसतं. हा बऱ्याचदा अल्कोहोलनं निघतो. आणि कडेला इंद्रधनुषी चकाकी असेल तर दोन काचा जोडणारं बाल्सम सुटलंय. ते पुसून जाणारच नाही. काचा सोडवून पुन्हा चिकटवाव्या लागतात, आणि खर्च बहुधा लेन्सच्या किमतीपुढे जातो.

वाद होतो तो पहिल्यावरून. बुरशी जगते धुळीवर आणि तेलकट डागांवर, पण तिची आम्लं कोटिंग खातात, पुढे काचही. पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणानं धागे जातात, खाल्लेली नक्षी राहते. म्हणजे 'क्लीन्ड' खरं, 'नव्यासारखी' खोटं. काही जण सीरियम ऑक्साइडनं (काच घासायच्या पावडरनं) घासून नक्षीही घालवतात. त्यात उरलंसुरलं कोटिंग जातं, काचेची वक्रताही बिघडू शकते. मला विचाराल तर कोपऱ्यातल्या दोन धाग्यांसाठी लेन्स उघडूच नये.

हाताने फोकस करायची जुनी ५० मिलिमीटरची लेन्स उघडायला स्पॅनर आणि धीर पुरायचा. ऑटोफोकस आला तशा आत रिबन केबल्स आल्या. झूममध्ये काचांचा एक गट जरा सरकला की चित्राची एक बाजू मऊ. २००८नंतर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे आले, अडॅप्टरमुळे जुन्या लेन्सना पुन्हा भाव आला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून लेन्स उघडणारेही वाढले. काचेच्या कडेला पेन्सिलची खूण करायची आणि काचेची पुढची बाजू कोणती ते टिपून ठेवायचं, हे व्हिडिओत पटकन उरकतं. मग एखादी काच उलटी बसते, आणि लांबचा डोंगर काही केल्या फोकसमध्ये येत नाही.