फुस्तातचे वैद्य आणि अत्तार : पार्श्वभूमी

जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तातमधील, बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, एक अडगळीची खोली होती. देवाचे नाव लिहिलेला कागद नष्ट करायचा नाही, या ज्यू रिवाजामुळे तिच्यात शतकानुशतके कागद साचत गेले. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे ज्यू विद्वान सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले, तेव्हा धर्मग्रंथांच्या पानांबरोबर औषधांच्या चिठ्ठ्या आणि औषधी मालाच्या याद्याही हाती आल्या. त्यांतील बऱ्याच मजकुराची लिपी हिब्रू, पण भाषा अरबी आहे. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘ज्यू वैद्यक’ असे वेगळे शास्त्र तेथे नव्हतेच; प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्या ग्रंथांची अरबी भाषांतरे मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू वैद्य सारख्याच निष्ठेने अभ्यासत.

ट्युनिशियातील कैरवानचे ज्यू वैद्य इसहाक इस्राइली यांचे ज्वर, मूत्रपरीक्षा आणि आहार यांवरील अरबी ग्रंथ अकराव्या शतकात लॅटिनमध्ये गेले. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याच्या पदरी असलेले ज्यू वैद्य इब्न जुमय एकदा फुस्तातमध्ये आपल्या दुकानी बसले असता समोरून प्रेतयात्रा चालली होती. मृताची पावले सैल पडलेली नसून ताठ उभी आहेत एवढ्यावरून त्यांनी तो जिवंत असल्याचे ओळखले, अशी हकिकत इब्न अबी उसैबिया या वैद्य-चरित्रकाराने नोंदवली आहे.

ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस (११३८–१२०४) यांच्या घरचा खर्च धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारावर चालवी. तो हिंदी महासागरात मालासह बुडाला आणि मायमोनिडीसना वैद्यकीवर पोट भरावे लागले. ११९९ च्या एका पत्रात ते लिहितात, की रोज सकाळी कैरोच्या दरबारात जाऊन दुपारनंतर भुकेलेले घरी परतावे, तर ओसरी ज्यू आणि इतर रुग्णांनी भरलेली असे. तेव्हा हात धुऊन, त्यांची क्षमा मागून, दिवसातले एकमेव जेवण घाईने उरकायचे आणि रात्रीपर्यंत, शेवटी थकून आडवे पडूनही, रुग्ण तपासायचे.

वैद्यामागे औषधविक्रेता, म्हणजे ‘अत्तार’, उभा असे. मराठीतला अत्तार हा शब्द तोच. कैरोतील अल-कुहीन अल-अत्तार या ज्यू औषधविक्रेत्याने १२६० च्या सुमारास आपल्या मुलासाठी ‘मिन्हाज अल-दुक्कान’ हा ग्रंथ लिहिला. सरबते, चाटणे, मलमे कशी करावीत, वनस्पती कशा जमवाव्यात व साठवाव्यात, हे त्यात आहे, आणि धंद्यातील सचोटीचा उपदेशही आहे. पुढे कित्येक शतके इजिप्तचे औषधविक्रेते, धर्म कोणताही असो, तो वापरत राहिले. अरबी औषधशास्त्रातले ‘इत्रिफल’ हे आपल्या त्रिफळ्याचेच रूप. हिरडा भारतातून जहाजाने लाल समुद्रामार्गे याच दुकानांत पोहोचत असे.