थ्रो करताना खांद्यातली कड का सोलली जाते?

नागपुरात हिवाळा लागला की मैदानोमैदानी टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंट सुरू होतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेला सल्लाही फिरू लागतो: ‘एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग मालिश कर, बसेल आपोआप.’ बाउंड्रीवरून थ्रो मारताना खांद्यात खोलवर कळ येते, हात डोक्यावर नेला की कट्‌ वाजतं, थ्रोचा जोर गेलेला असतो. एक्स-रेत मात्र काहीच सापडत नाही. सापडणारही नाही, कारण एक्स-रेवर हाडं दिसतात आणि इथे फाटलेली असते ती कूर्चेची कड.

दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा असतो आणि तो ज्या खोबणीत फिरतो ती बशीसारखी उथळ. कोणत्याही क्षणी माथ्याचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चौफेर फिरतो. या खोबणीच्या काठाला तंतुमय कूर्चेचं एक कडं असतं, हीच ती कड. त्याला लॅब्रम म्हणतात. खोबणीची जवळपास निम्मी खोली या कड्यामुळेच मिळते. सांध्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो आणि कडं तो टिकवून धरतं, त्यामुळे माथा आत ओढलेला राहतो.

कबड्डीत किंवा गाडीवरून पडून खांदा निखळला की कडं बहुधा पुढच्या-खालच्या बाजूला सुटतं. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेबद्दल लिहिलं आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. थ्रो करणाऱ्यांचं कडं मात्र वरच्या बाजूला फाटतं. अमेरिकी सर्जन स्टीफन स्नायडर यांनी १९९० मध्ये त्याला ‘स्लॅप’ हे नाव दिलं. मला सांगायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण तो कसा घडतो हे कळलं की ऑपरेशननंतरचा प्रत्येक नियम आपोआप समजतो.

दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, वर दोन मुळं असतात. त्यातल्या लांब मुळाचा दोरीसारखा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) थेट सांध्यात शिरतो आणि खोबणीच्या वरच्या टोकाला, कड्याच्या वरच्या भागात मिसळून हाडाला चिकटतो. हात खाली सैल असताना ही दोरी पुढे-बाहेर जाते आणि तिचा ओढा सरळ रेषेत असतो. आता थ्रोची तयारी पाहा. कोपर खांद्याच्या उंचीवर आलेलं, मनगट डोक्यामागे गेलेलं, दंड स्वतःभोवती मागे फिरलेला. या स्थितीत दोरीची दिशा बदलते. ती मागे झुकते आणि तिच्या मुळाशी पीळ पडतो. तो पीळ कड्याच्या वरच्या-मागच्या भागात उतरतो आणि कड हाडाच्या काठावरून आतल्या बाजूला सोलली जाते. अमेरिकेतल्या बर्कहार्ट आणि मॉर्गन या सर्जनांनी १९९८ मध्ये ही यंत्रणा मांडली.

मृतदेहांच्या खांद्यांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. कंडरा सरळ रेषेत ओढला तेव्हा तो तुटायला सरासरी ५०८ न्यूटन बल लागलं. तोच मागे पिळून ओढला तेव्हा २०२ न्यूटनलाच जोड सुटला. म्हणजे एकीकडे सुमारे ५२ किलोचं वजन, दुसरीकडे जेमतेम २१ किलोचं. शिवाय सरळ ओढल्यावर बहुतेक वेळा कंडराच मध्ये तुटला, तर पिळून ओढल्यावर दर वेळी कड्याचाच जोड सुटला. दोरी तीच, जोड तोच. फक्त दिशा बदलली.

आता मालिशबद्दल. हे कडं जाड डेल्टॉइड स्नायू, त्याखालचे कंडरे आणि सांध्याचं वेष्टण या सगळ्यांच्या आत असतं. कोणतंही तेल चोळून तिथवर पोचत नाही, आणि हाड ‘बसवायला’ हात हिसडणारा माणूस सुटलेली कड आणखी सोलतो. ‘कूर्चा भरून काढणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींनीही फाटलेली कड हाडाला चिकटत नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. दोन-तीन छोटी छिद्रं पाडतात, सांध्यात सलाइन सोडतात आणि एका छिद्रातून कॅमेरा आत घालतात. दंड वर करून मागे फिरवला की पडद्यावर कड हाडावरून सरकताना डोळ्यांनी दिसते, आणि निदान तिथेच पक्कं होतं. मग खोबणीचा काठ खरवडून त्यातून रक्त येऊ देतात, हाडात सुमारे ३ मिलिमीटरचा अँकर, म्हणजे धागा ओवलेली छोटी खुंटी, बसवतात आणि त्याच्या धाग्याने कड बांधतात. धागा कड जोडत नाही, फक्त जागेवर धरून ठेवतो. जोडतं ते रक्त. त्याची गुठळी होते, तिच्यात पेशी शिरतात, त्या तंतू विणतात, तंतू हळूहळू ताण सोसण्याइतके घट्ट होतात. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं, आणि घोळ होतो तो इथेच.

म्हणून साधारण चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये. बोटं, मनगट आणि आधार देऊन कोपर मात्र पहिल्या दिवसांपासून हलवायचं. हात वर नेऊन मागे फिरवणं बंद, कारण तोच तो पीळ. सहा ते आठ आठवडे बायसेप्सवर भार नाही. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचं काम घरच्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. घट्ट झाकण पिळून उघडणंही टाळा, कारण तळहात वर वळवायला बायसेप्सच लागतो. ताकदीचे व्यायाम तिसऱ्या महिन्याच्या आसपास, हलके थ्रो चार-पाच महिन्यांनी, पूर्ण ताकदीचा थ्रो सहा ते नऊ महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही. पंचेचाळिशी-साठीच्या दरम्यान काहीही न दुखणाऱ्या लोकांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त खांद्यांमध्ये वरची कड फाटलेली दिसते. नॉर्वेत ११८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची कड शिवली, काहींचा बायसेप्सचा कंडरा सोडवून खाली दंडाच्या हाडाला बांधला, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन वर्षांनी तिन्ही गटांत फरक नव्हता. त्यांचं सरासरी वय चाळिशीच्या आसपास होतं. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याने आधी काही महिने मन लावून फिजिओथेरपी करावी. तरीही ऑपरेशनची वेळ आलीच, तर कड शिवण्यापेक्षा कंडरा खाली बांधणं योग्य ठरेल का, हे सर्जनला जरूर विचारावं. विशीतल्या थ्रो करणाऱ्या पोराचं गणित वेगळं असतं, तरी सुरुवात त्यानेही व्यायामापासूनच करावी.

ऑपरेशन झालंच, तर सुट्टी होताना सर्जनकडून लिहून घ्या: कड कुठे फाटली होती, अँकर किती टाकले, बायसेप्सला हात लावला का, आणि कोणती हालचाल किती आठवडे बंद. तो कागद पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला दाखवा.