१८५० ची तडजोड आणि नव्या प्रदेशांतील गुलामगिरी

लुइझियाना खरेदीतून, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेऊन, मिळालेल्या मुलखात १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाची रेषा आखली होती; मिसूरी राज्य सोडून तिच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. परंतु मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर १८४८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आलेला प्रदेश त्या रेषेच्या कक्षेत येत नव्हता. मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्येच रद्द केली होती. त्यामुळे तेथे ती टिकवण्याचा नव्हे, तर नव्याने नेण्याचा प्रश्न होता, याकडे गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या युक्तिवादात सोयीस्कर डोळेझाक होत असे. जिंकलेल्या भूमीत गुलामगिरीला मज्जाव करणारी तरतूद काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाने १८४६ मध्ये, युद्ध चालू असतानाच मंजूर केली. सिनेट या दुसऱ्या सभागृहात ती अडली.

१८५० मध्ये सगळे प्रश्न एकाच विधेयकात बांधण्याचा प्रयत्न जुलैत फसला आणि सप्टेंबरात तीच कलमे सुटी करून, दर वेळी निराळ्या बहुमताने संमत करून घेण्यात आली. संपूर्ण तडजोडीला राजी असलेले बहुमत सभागृहात नव्हतेच. कॅलिफोर्निया गुलाममुक्त राज्य झाले, आणि त्या बदल्यात पळालेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा आला. त्यानुसार पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, आणि प्रकरणाचा निवाडा करताना त्याला मालकाच्या हवाली करणाऱ्या आयुक्ताला दहा, तर मुक्त करणाऱ्याला पाच डॉलर मिळत.

खरी मेख न्यू मेक्सिको आणि युटाविषयीच्या कलमांत होती. राज्याचा दर्जा मिळताना तेथील घटना सांगेल त्याप्रमाणे गुलामगिरी असेल किंवा नसेल, एवढे कायद्याने म्हटले. तोपर्यंतच्या काळात प्रादेशिक विधिमंडळाला बंदी घालता येईल का, हे मात्र त्याने स्पष्ट केले नाही. येते, असे उत्तरेतील डेमोक्रॅट आपल्या मतदारांना सांगत; घटना तयार होईपर्यंत मालकाला कोणीही अडवू शकत नाही, असे दक्षिणेत सांगितले जाई. ही संदिग्धता अनवधानाने राहिली असे मानणे कठीण आहे, कारण दोन्हीकडची मते तिच्यामुळेच जुळली.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने हेच सूत्र मिसूरी रेषेच्या उत्तरेला नेले आणि ती रेषा रद्द केली. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससात प्रादेशिक विधिमंडळाच्या निवडणुकीत सुमारे २,९०० पात्र मतदार असताना ६,३०० च्या वर मते पडली. मिसूरीतून सशस्त्र टोळ्या मतदानासाठी आल्या होत्या. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदेशांत बंदी घालण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला, आणि मग काँग्रेसला जे करता येत नाही ते तिनेच निर्माण केलेल्या विधिमंडळाला कसे करता येईल, या मुद्द्यावर १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष फुटला. कॅन्सस गुलाममुक्त राज्य म्हणून संघात दाखल झाले ते जानेवारी १८६१ मध्ये, दक्षिणेतील राज्ये संघातून फुटू लागून त्यांचे सिनेटर सभागृह सोडून जाऊ लागल्यानंतर.