डीआरएल आणि लो बीम: पुढे उजेड, मागे अंधार

तिन्हीसांजेला हमरस्त्यावर एखादी गडद रंगाची गाडी अगदी जवळ गेल्यावरच दिसते, कारण तिचे मागचे दिवे बंद असतात. तिला ओलांडून आरशात पाहावं, तर पुढून ती लख्ख उजळलेली. चालकाची खात्री असते की दिवे चालू आहेत. चालू असतात ते डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे दिवे. हेडलाइटचा लो बीम, म्हणजे खाली झुकलेला नेहमीचा झोत, त्याने लावलेलाच नसतो.

एकाच काचेआड बसवलेले हे दोन पांढरे दिवे, पण कामं अगदी वेगळी. डीआरएल रस्ता दाखवण्यासाठी नसतोच. आपली गाडी इतरांच्या नजरेत भरावी एवढंच त्याचं काम. म्हणून त्याचा प्रकाश थेट समोरच्याकडे जातो, पण मोजका: संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार ४०० ते १२०० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक). लो बीम मात्र रस्त्यावर पडतो. गाडी भिंतीसमोर उभी करून तो लावा. खाली उजेड, वर अंधार आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसेल. ही रेघ समोरून येणाऱ्याचे डोळे वाचवते. रस्त्याच्या कडेला ती थोडी वर चढते, तिथून चालणारा माणूस दिसावा म्हणून. डीआरएलला अशी रेघ नसते.

खरा धोका मात्र मागच्या बाजूला आहे. लो बीम लावला की टेललाइटही लागतात. नुसत्या डीआरएलवर बऱ्याच गाड्यांचे टेललाइट बंदच राहतात. युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे झाले, पण त्यांच्यासोबत मागचे दिवे लागलेच पाहिजेत अशी अट नव्हती. पूर्वी दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे, त्यामुळे अंधार पडला की चूक लगेच ध्यानात यायची. आता स्क्रीन चोवीस तास झगमगते आणि रस्त्यावरच्या दिव्यांत पुढचं सगळं दिसतंही. मग शंका यावी तरी कशी? हा दोष मी चालकाच्या निष्काळजीपणाइतकाच, किंबहुना जास्त, गाडीच्या रचनेचा मानतो.

कॅनडाने १९९० पासून नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे केले आणि मागे अंधार ठेवून धावणाऱ्या गाड्यांचा त्रासही तिथे भोगला. शेवटी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी तीन पर्याय ठेवले: डीआरएलसोबत टेललाइट लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड काळाच राहावा. पहिला पर्याय मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात सेन्सरवर विसंबावं लागत नाही.

हेडलाइटचं बटण ‘ऑटो’वर, म्हणजे दिवे आपोआप लागतील असं ठेवलं की काळजी मिटली, असंही नाही. बहुतेक गाड्यांत सेन्सर आकाशातला उजेड मोजतो, धुक्यातून किती लांबचं दिसतंय हे नाही. सकाळच्या पांढुरक्या धुक्यात किंवा भर दुपारच्या मुसळधार पावसात त्याला दिवसच दिसतो, आणि टेललाइटची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते बंद राहतात. अशा वेळी लो बीम हातानेच लावायला हवा.

आपल्या गाडीत काय होतं हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. इंजिन चालू, हेडलाइटचं बटण बंद, हँडब्रेक ओढलेला नाही (काही गाड्यांत तो ओढला की डीआरएल विझतात), गाडी सपाट जागी आणि ब्रेकवर पाय. ब्रेक दाबलेला असल्याने ब्रेकलाइट लागणारच, म्हणून मागे उभ्या माणसाला हेडलाइट लावण्याआधी आणि लावल्यावर मागच्या उजेडात काय फरक पडतो तेवढंच विचारा. डॅशबोर्डवर खाली झुकलेल्या किरणांचं हिरवं चिन्ह दिसलं, तर लो बीम लागलेला आहे.